गुण गेल्यावर नजर कुठे जाते

गुण मिळाल्यावर सगळीच मुलं सारखी दिसतात. मूल ओळखायचं तर गुण गेल्यावर त्याची नजर कुठे जाते ते पाहावं. लांब उडीत पाय फळीच्या पुढे पडला की ते आपल्याच पायाकडे बघतं. बॅडमिंटनच्या दुहेरीत शटल दोघांच्या मधोमध पडलं की जोडीदाराकडे बघतं. कबड्डीत घोटा हातातून निसटला की कुणाकडे बघावं हेच क्षणभर कळत नाही. आजूबाजूला सहा जण असतात, रेषेबाहेर बाद झालेले बसलेले असतात आणि कडेला बाई उभ्या असतात.

आधी पेणला आणि मग रोह्याला क्रीडाशिक्षिका म्हणून माझी नोकरी मैदानाच्या कडेलाच झाली. वैयक्तिक, दोघांचे आणि सांघिक हे खेळांचे तीन प्रकार मला खऱ्या अर्थाने या तीन नजरांतून समजले. फळ्यावर तीन रकाने आखून त्यात नावं भरून घेता येतात आणि मुलं ती पाठही करतात. पण पाचवीतल्या मुलाची खेळांशी ओळख करून द्यायची म्हणजे त्याला या तिन्ही ठिकाणी एकदा तरी हरू द्यायचं, असं मी मानते.

आमच्या भागात ही ओळख कबड्डीपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. भातकापणी आणि झोडणी उरकली की गावोगाव शेतात मैदानं तयार होतात. ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून माती बसवतात, फक्कीच्या रेषा मारतात आणि बांबूंवर दिवे चढवतात. प्रकाशझोतातल्या स्पर्धा रात्री उशिरापर्यंत रंगतात. आजोबा, काका, भाऊ सगळे त्या मातीत खेळलेले. त्यामुळे पाचवीत येणाऱ्या मुलाला बोनस रेषा कुठली आणि निदान रेषा कुठली हे मला सांगावं लागत नाही. 15 जुलैला, म्हणजे कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन पाळतात. आमची मुलं तो भर पावसात, गुडघ्यापर्यंत चिखल माखून साजरा करतात आणि मीही त्यांना अडवत नाही.

कबड्डीतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मात्र मुलांना सांगावी लागते, कारण ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की दिसत नाही. चढाईपटूने समोरचा एक गडी बाद केला की गुण तर मिळतोच, शिवाय आपला बाद झालेला एक गडी आत येतो. जो आधी बाद झाला तो आधी येतो. बोनसचा गुण मिळाला तर कुणी आत येत नाही. म्हणजे धावफलक दोन्ही गुण सारखेच दाखवतो, पण बाहेर बसलेल्या मुलाला त्यांतला फरक नेमका ठाऊक असतो. त्याची सुटका दुसऱ्याच्या पायात असते. एकाने कमावलं की दुसरा परत मैदानात येतो हे या खेळाच्या नियमातच आहे, आणि संघ कशाला म्हणतात हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण मिळालेलं नाही. पाचवीच्या वर्गात मी मुद्दाम दोघा-तिघांना बाद करून बाहेर बसवते आणि एका बुजऱ्या मुलाला चढाईला पाठवते. तो परत येईपर्यंत बाहेरच्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि याच सांघिक खेळात चढाईएवढी एकट्याची गोष्ट दुसरी नाही. मध्यरेषा ओलांडली की तीस सेकंद, एक श्वास आणि तोंडात कबड्डीचा अखंड उच्चार. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. त्याच्या अर्ध्या भागात सात जण हाताची साखळी करून उभे असतात आणि आपलं कुणीही आत येऊ शकत नाही. म्हणून फळ्यावरच्या त्या रकान्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. एका खेळात दुसरा खेळ दडलेला असतो. मुलाला तो कुठे भेटेल ते ओळखायचं, हे शिक्षकाचं काम.

खो-खोत एकटं असण्याची ही वेळ येतच नाही. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा धावणारा. एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. गडी हातभर अंतरावर दिसत असला तरी तो पलीकडच्या बाजूला असेल तर एकच उपाय, खो देणं. म्हणजे जो सर्वांत वेगवान तोच वारंवार थांबतो आणि आपली संधी दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून खाली बसतो. नव्या मुलांना हे फार जड जातं. विशेषतः जी घरात एकुलती एक आहेत ती खो द्यायला उशीर करतात, असं मला सारखं दिसतं. बसलेल्याचं दुःख वेगळं. त्याला पाठीमागचा दिसत नसतो. हाताचा स्पर्श आणि ‘खो’चा आवाज यांवर विश्वास ठेवून उठायचं. आधी उठलास तर चूक, उशिरा उठलास तर गडी गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर 1914 च्या सुमारास नियमांत बसवलेल्या या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात माझ्या शाळेतल्या मुलींनी खांबांना नवा रंग मागितला. मी तो लगेच आणून दिला.

पावसाळ्यात मैदान आमच्या हातात नसतं. जून ते सप्टेंबर कोकणात दोघांच्या खेळांचे महिने. टेबल टेनिस, कॅरम, आणि सभागृह रिकामं मिळालं तर बॅडमिंटन. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत, 1870 च्या दशकात, इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ नावानेच ओळखला जाई, हे सांगितलं की मुलं रॅकेट जरा अभिमानाने धरतात. इथे एक गोष्ट मी आग्रहाने वेगळी करते. एकेरी बॅडमिंटन किंवा कुस्ती हे वैयक्तिक खेळ आहेत असं सगळे म्हणतात. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीतलं कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणून नोंदलं गेलं आहे, आणि नोंदीपुरतं ते बरोबरही आहे. पण शिकवताना हा फरक करावाच लागतो. लांब उडीत तुमच्या उडीला दुसरं कुणी हात लावू शकत नाही. कुस्तीत आणि एकेरीत मात्र समोरचा माणूस तुमची प्रत्येक हालचाल बदलायला लावतो. तिथे स्वतःकडे बघून भागत नाही, समोरच्याचा खांदा आणि मनगट वाचावं लागतं.

दुहेरीत त्यात आणखी एक माणूस येतो. कोर्ट 5.18 मीटरचं 6.10 मीटर रुंद होतं, पण माणसं दुप्पट होतात. जागा वाटून घ्यावी लागते आणि शटल नेमकं वाटणीच्या रेषेवर येतं. नवी मुलं दोघंही थांबतात किंवा दोघंही धावतात. म्हणून पहिले काही तास मी गुण मोजूच देत नाही, फक्त ‘माझं!’ असं मोठ्याने ओरडायला लावते. बोलायला लाजणारी मुलं इथे बोलायला लागतात. वर्गातल्या दोन उत्तम खेळाडूंची जोडी बहुतेकदा जमत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दोघांनाही मागून स्मॅश मारायचा असतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डी मागून घणाघाती मारतो आणि मुंबईचा चिराग शेट्टी जाळ्याजवळ उरलेलं काम संपवतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाचा त्यांचा खेळ मी मुलांना दाखवते आणि सांगते, शटल कुणाकडे आहे ते बघू नका, ज्याच्याकडे नाही तो काय करतोय ते बघा.

याच महिन्यांत पेणच्या मुलांची दुसरी ओढाताण चालते. हमरापूर, जोहे, कळवे ही गणेशमूर्तींची गावं. श्रावण लागला की घरोघरच्या कारखान्यांत मुलांचेही हात लागतात. शालेय स्पर्धाही तेव्हाच सुरू होतात. सराव बुडाला म्हणून मी या मुलांवर कधी चिडले नाही. डोळ्यांची आखणी करणाऱ्या घरातल्या मुलाची नजर आणि हात किती स्थिर असतात हे कॅरम बोर्डावर कळतं, आणि त्याच्यासाठी तास थोडा पुढेमागे करता येतो.

वैयक्तिक खेळ मी ऑक्टोबरपासून घेते. मैदान वाळलेलं असतं आणि कबड्डीची शेतं अजून मोकळी झालेली नसतात. धावणं, उड्या, गोळाफेक, आणि जिथे खांब असेल तिथे मल्लखांब. गावाकडच्या पालकांना यात खेळ दिसत नाही. नुसतं धावायचं तर शाळा कशाला, असं विचारतात. तेव्हा मी त्यांना आमच्याच खाडीचं उदाहरण देते. पेण आणि अलिबागच्या मधून जाणाऱ्या धरमतरच्या खाडीतून गेटवे ऑफ इंडियापर्यंत लांब पल्ल्याचे जलतरणपटू पोहत जातात. पस्तीस किलोमीटरहून जास्त अंतर, भरती-ओहोटीचं गणित बांधून, बरेचदा रात्री. सोबत नाव असते, तिच्यावरून पाणी आणि खाणं दिलं जातं, पण पोहणाऱ्याने नावेला हात लावायचा नसतो. माणसं इतकी जवळ असून मदत इतकी मोजकी. माझ्या मते वैयक्तिक खेळाची याहून नेमकी मांडणी नाही. शिक्षकानेही तसंच नावेत बसायला हवं.

वैयक्तिक खेळासाठी मी एवढी का भांडते याचं खरं कारण वेगळं आहे. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यांच्या मुली जुलैत खो-खोच्या पाटीवर बसलेल्या असतात आणि नोव्हेंबरात नसतात. संघ दुसरी मुलगी शोधतो, शोधावीच लागते. पण गेलेल्या मुलीजवळ काय उरतं? संघ सोबत नेता येत नाही. शंभर मीटरची आपली वेळ आणि लांब उडीचं आपलं माप मात्र नेता येतं, भट्टीवर रात्री आठवता येतं, आणि जूनमध्ये परत आल्यावर त्याच टेपने पुन्हा मोजता येतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलीच्या वहीत तिचे आकडे तिच्याच हाताने लिहवून घेते. उंच उडीवाल्या मुली तर परतल्यावर नमस्काराच्याही आधी विचारतात, ‘बाई, दोरी कुठेय?’

दहावीच्या क्रीडागुणांसाठी पालक आठवीतच विचारायला येतात, कुठल्या खेळात लवकर जिल्ह्याला जाता येईल. त्यांची काळजी खोटी नसते. पण पाचवी ते सातवी मी निवडयादी लावत नाही. कबड्डीच्या संघात बारा नावं असतात आणि वर्गात साठ मुलं. यादी एकदा भिंतीवर लागली की उरलेली अठ्ठेचाळीस आपलं खेळाशी देणंघेणं संपलं असं समजतात, आणि त्यांना परत मैदानावर आणणं फार कठीण जातं. त्या अठ्ठेचाळिसांतच कुणीतरी उत्तम दुहेरी खेळणारं असतं, कुणीतरी एकटं धावणारं.

नव्याने नोकरीला लागलेले क्रीडाशिक्षक विचारतात, थोडेच पैसे मंजूर झालेत, पहिल्यांदा काय घेऊ? पन्नास मीटरचा टेप आणि दोन स्टॉपवॉच घ्या. मग चार रॅकेट आणि शटलचे डबे, नायलॉनचे, पावसाळी हवेत तेच टिकतात. खो-खोचे खांब गावातला सुतार करून देईल, उंची सव्वाशे सेंटीमीटरच्या आत राहील एवढं बघा. फक्कीची पोती दरवर्षी लागतील. वाळूच्या खड्ड्यासाठी पालकांनाच हाक मारा, ते येतात. कबड्डीचं मॅट सर्वांत शेवटी घ्या. पुढच्या स्पर्धांसाठी ते लागतं हे खरं, पण आपल्याकडे माती आहे.