गावाक कधी जावचा?

गेली एकतीस वर्षे आमचे बिऱ्हाड कामरेजला आहे. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, तापीच्या काठी, सुरतेच्या अंगणात म्हणावे इतके जवळ असे हे गाव. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातील कम्मोनी ते हेच, असे काही संशोधक मानतात. पुढे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात ते नवसारी प्रांतातील एका तालुक्याचे ठाणे होते. म्हणजे गाव जुने, आणि मराठीस अगदीच अनोळखी नव्हे. तरीही आम्ही त्यास कधी ‘आमचे गाव’ म्हटले नाही. ते पोटापाण्याचे ठिकाण. गाव म्हणजे वेंगुर्ल्याकडचे कौलारू घर, मागील दारची विहीर आणि माडांतून दिसणारा समुद्र.

ते घर गेल्या वर्षी विकले गेले. भावांच्या वाटण्या झाल्या, कोणालाच तेथे राहणे जमणार नव्हते, आणि आम्हीही कागदावर सही केली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईस हे सांगण्याचे धैर्य मात्र कोणास झाले नाही. दिवाळी जवळ आली तशी ती नेहमीप्रमाणे विचारू लागली, “गावाक कधी जावचा?” आम्ही तिच्या गुडघ्यांचे निमित्त पुढे केले आणि म्हटले, यंदा येथलाच समुद्र पाहू.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दांडीस नेले. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी जेथे मूठभर मीठ उचलले, तो हा किनारा. 2019 साली तेथे मिठाच्या सत्याग्रहाचे मोठे स्मारक झाले आहे. मुले पदयात्रींचे पुतळे पाहण्यात रमली. आई मात्र वाळूत खुर्ची मांडून बसली. ओहोटी लागली होती. खंबायतच्या आखाताजवळच्या या किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी फार दूर जाते आणि मागे राखी रंगाची ओली, चिखलट वाळू उरते. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ह्यो दर्यो आमचो नाय.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाहुण्याच्या घरी जेवताना मीठ कमी आहे हे कळावे आणि बोलू नये, तसा तो स्वर होता. पाणी इतके गढूळ का, असे मुलांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले की तापी, पूर्णा, अंबिका या नद्या वरची माती येथवर आणतात. “मग ती माती खंयची?” आईने विचारले. त्या प्रश्नासरशी उरलेली सुट्टी डांगात घालवण्याचे ठरले, कारण पूर्णा डांगच्या डोंगरांतून येते.

बारडोली मागे टाकून व्यारा गाठले की उसाचे मळे विरळ होतात आणि डोंगर दिसू लागतात. वाटेत एका कोटवाळिया कुटुंबाच्या अंगणात आम्ही थांबलो. बांबूकाम हाच या समाजाचा परंपरागत व्यवसाय. घरधनी कोयत्याने बांबूच्या पातळ कांबी काढीत होता आणि त्याची बायको सूप विणीत होती. आईने एक सूप उचलले, उजेडाकडे धरले, काठावर बोट फिरवले आणि वीण घट्ट आहे असा निवाडा दिला. भाव आम्ही विचारण्यापूर्वीच तिने ते मांडीवर घेतले होते.

मुक्काम महालला, पूर्णेच्या काठी, सागाच्या आणि बांबूच्या रानात होता. जवळच्या पाड्यावर एक कोकणा जोडपे नागलीची कणसे वाळवीत होते. नागली म्हणजे आपली नाचणी. आईने कणीस ओळखले आणि तेथेच बसकण मारली. कोकणा लोकांत अशी परंपरा आहे की त्यांचे पूर्वज कोकणातून उत्तरेस आले. त्यांची बोली मराठी की गुजराती, यावर 1960 पूर्वी राज्यांच्या फेररचनेच्या वेळी मोठा वाद झाला आणि अखेर डांग गुजरातेत गेला. त्या वादाची गंधवार्ताही नसलेली आमची आई मालवणीत बोलत होती, ती बाई कोकणीत बोलत होती (ही कोकणी गोव्याची नव्हे, डांगची), आणि भाकरी थापण्यापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत दोघींचे सुरळीत चालले होते.

निघताना आम्ही घरधन्यास औपचारिकपणे म्हटले, “कधी कामरेजला आलात तर या.” तो हसला. दिवाळी उरकली की आठवड्याभरात ते दोघे कामरेजलाच निघायचे होते. मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि ती ऊसतोडीत फेडायची होती. सात वर्षे ते येत होते. त्याने ज्या शेताची खूण सांगितली, ते आमच्या गच्चीवरून दिसते.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. दर हिवाळ्यात त्या शेताच्या बांधावर उसाच्या पाचटाच्या खोपी उभ्या राहतात, पहाटे चुली पेटतात आणि होळीच्या सुमारास सारे नाहीसे होते, हे आम्ही एकतीस वर्षे पाहत आलो होतो. पाहिले होते, एवढेच. जी माणसे आमच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहतात, त्यांची ओळख होण्यास आम्हांला सुट्टी काढून त्यांच्या रानात जावे लागले. परगावी राहणाऱ्याचे दुःख काय ते आम्हांलाच ठाऊक, अशा समजुतीत आम्ही इतकी वर्षे काढली होती.

पौषात एका संध्याकाळी आई म्हणाली की त्या बाईस भेटून येऊ. खोप सापडण्यास दोन फेऱ्या पडल्या. बाई तोडीवरून नुकतीच परतली होती, हात पाचटाने चिरलेले. तरी तिने चूल पेटवली आणि चहा ठेवला. आईने सुपातून नेलेले लाडू तिच्यापुढे ठेवले आणि आम्ही इतकी वर्षे टाळलेला नव्हे, पण यंदा ज्याला भ्यालो होतो तोच प्रश्न तिला विचारला, “गावाक कधी जावचा?”

“होळीला,” ती म्हणाली.

आईने मान हलवली. आपणही शिमग्यालाच जात असू, असे ती म्हणाली. ‘जात असू’ हा भूतकाळ आम्ही ऐकला. त्या रात्री आम्ही तिला घराचे सारे सांगितले. ती म्हणाली, सहीच्या दिवशी तुमचे चेहरे पाहिले तेव्हाच कळले होते. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते.

होळीला बांधावरच्या खोपी रिकाम्या झाल्या. यंदा ते आमच्या लक्षात आले. सूप स्वयंपाकघरात खुंटीवर आहे, आणि पुढच्या दिवाळीत महालला जाण्याचे आईनेच ठरवले आहे.