ध्रुवीय अस्वल आणि एसबी रोड

सकाळचे साडेनऊ. स्क्रीनवर ध्रुवीय अस्वल. पावणेदहाला दुसऱ्या ग्रुपचं अस्वल. लंच ब्रेकपर्यंत माझी चार अस्वलं बघून झाली होती!

मुळशी तालुक्यात, चांदे गावाजवळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी प्रेझेंटेशन स्किल्स शिकवायला जात होते. विषय कॉलेजनेच ठरवलेला : सस्टेनेबिलिटी. तसा तो एमबीएवाल्यांच्या कामाचाच. २०२२-२३ पासून देशातल्या पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना 'सेबी'च्या नियमानुसार पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा हिशोब द्यावा लागतो. उद्या तो रिपोर्ट बोर्डरूममध्ये मांडणार कोण? हीच पोरं.

पण सगळ्यांच्या स्लाइड्स सारख्याच. तोच वितळणारा बर्फ, तीच हिरवी पानं, शेवटी 'थँक यू' आणि स्माइली. आय कॉन्टॅक्ट झकास, बोलण्यात जीव नाही. मग मी फर्मान काढलं : पुढच्या शनिवारी फक्त आपल्या तालुक्यातला विषय. फोटो स्वतः काढलेले.

एका ग्रुपने सोसायट्यांमध्ये येणाऱ्या टँकरचा माग काढला. छान केलं. मग उठला चांदे गावचा एक मुलगा. कायम मागच्या बाकावर बसणारा.

"मॅडम, मराठीत चालेल?"

"ऑफिसात चालेल का?" माझं ठेवणीतलं उत्तर.

बिचारा इंग्रजीत उभा राहिला. पहिली स्लाइड, मुळशी धरण. खाली लिहिलेलं, 'क्लीन एनर्जी?' दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्याचे कान लाल झाले आणि लाज मला वाटली.

"सांग रे मराठीत."

मग तो सुटलाच. मुळा ही पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी नदी. टाटांनी धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उलटं, पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला नेलं. तिथे १९२७ पासून वीज तयार व्हायला लागली, मुंबईच्या गिरण्यांसाठी. कोळसा नाही, धूर नाही. आपल्या पुस्तकात हिला 'ग्रीन' म्हणतात. पण तिच्यासाठी मुळशी खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं बुडाली. तिथले शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला उतरले. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केलं. धरण मात्र थांबलं नाही.

"माझ्या पणजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे," तो म्हणाला. "सर्वांना एकच प्रश्न. रिपोर्टमध्ये ते कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?"

वर्गात एकाही मोबाइलचा स्क्रीन पेटलेला नव्हता.

माझ्या हातातल्या मार्कशीटवर मात्र पन्नासापैकी वीस मार्क 'इंग्लिश फ्लुएन्सी'चे. त्यात मी त्याला सहा दिले. नियम तो नियम. पहिला नंबर टँकरवाल्या ग्रुपचा. तो काही बोलला नाही, फक्त 'थँक यू मॅडम' म्हणाला. ते सहा मार्क मला अजून टोचतात.

पुढच्या बॅचपासून मी क्रम बदलला. पहिली फेरी, घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत. स्लाइड्स नाहीत, माइक नाही. सांगण्यासारखं काही सापडलं की मग त्याचं इंग्रजी करू. ते शिकवता येतं. पणजीचं माहेर शिकवता येत नाही. अस्वलं आपोआप कमी झाली.

परवा एसबी रोडवर मैत्रिणीची वाट बघत कॉफी घेत होते. समोर पाटी होती : सेनापती बापट रस्ता. कॉलेजची सगळी वर्षं या रस्त्यावर हिंडण्यात गेली, मास कॉमची डिग्री झाली. पण हे सेनापती कुठली लढाई लढले, ते मला चांदे गावच्या त्या पोराने सांगितलं.

तेही मराठीत!