आधी अर्थिंग बघ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. पुण्याहून ताईची तक्रार अशी, की तिचा मुलगा इकडे मिशिगनला एम.एस. करायला आला आणि मामाच्या नादाने गॅरेजात रमला. तेव्हा हे थोडं तिच्यासाठी, आणि थोडं तुम्हा मित्रमंडळींसाठी, ज्यांच्या लेखी गाडी म्हणजे किल्ली फिरवली की चालू होणारी वस्तू. (त्यात काही वाईट नाही. गाडी अशीच असावी!)

मी गेली वीस वर्षं पोटापाण्यासाठी इंजिन कॅलिब्रेशन करतो. म्हणजे काय, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ज्याला ईसीयू म्हणतात, कोणत्या वेळी किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे शिकवायचं. कंपनीत एका इंजिनासाठी अख्खा चमू दोन-दोन, तीन-तीन वर्षं खपतो. गोठवायला गाड्या उत्तरेकडे न्यायच्या, भाजायला डेथ व्हॅलीत, विरळ हवेसाठी कोलोराडोच्या डोंगरांत. एवढं केल्यावर तुमची किल्ली फिरते आणि गाडी बिनतक्रार चालू होते.

आता हेच काम एक मुलगा, एक लॅपटॉप आणि शनिवार-रविवार एवढ्या भांडवलावर करायचं ठरवलं तर? आमच्या भाच्याने ठरवलं.

त्याची गाडी म्हणजे १९९२ची माझदा मियाटा. दोन सीटा, उघडं छत, १.६ लिटरचं इंजिन. १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दिसली आणि २०१६पर्यंत तिचा आकडा दहा लाखांवर गेला. हौशी लोकांची लाडकी. भाच्याने घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने तिला टर्बो बसवलेला होता. मूळच्या ईसीयूला टर्बो ही भानगड माहीतच नाही, त्यामुळे तो काढून जागी मेगास्क्वर्ट लावलेला. हा मेगास्क्वर्ट म्हणजे २००१च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी हौशी मंडळींसाठी काढलेला ईसीयू. सुटे भाग मागवायचे, स्वतः सोल्डर करायचे, आणि आतली प्रत्येक गोष्ट लॅपटॉपवरून बदलायची. आता आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनोही आहे, तयार महागडे हॉलटेक आणि मोटेकही आहेत. पण मेगास्क्वर्टने एक पिढी शिकवली हे खरं.

ही गाडी रस्त्यावर चालत नाही हेही आधीच सांगतो. इकडच्या कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची प्रदूषण-यंत्रणा काढता येत नाही. त्यामुळे ती ट्रेलरवर चढते, ट्रॅकवर जाते आणि ट्रेलरवरूनच घरी येते. (भारतातल्या भाचरांनो, तुमच्याकडे तर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये साफ सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. तेव्हा मामाच्या नावावर काही खपवू नका.)

तर या ईसीयूच्या पोटात एक तक्ता असतो. आडव्या ओळीत आरपीएम, उभ्या ओळीत इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घरात एक आकडा: या वेगाला, या दाबाला सिलिंडर किती भरतो. त्यावरून हवा किती ते कळतं आणि हवेवरून पेट्रोल. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हा जळण्याचा हिशेबी मेळ. टर्बो जोरात असताना मात्र जास्त पेट्रोल द्यावं लागतं, साडेअकरा-बाराच्या आसपास, कारण जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता आटोक्यात ठेवतं. तिथे पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग सुरू होतं, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप फुटतं. आणि असं टर्बोवर काही सेकंद चाललं तरी पिस्टनचे तुकडे पडू शकतात. टर्बो-ट्यूनिंगमधली भीती ती एवढीच, आणि ती खरी आहे.

या तक्त्याला सगळे 'मॅप' म्हणतात, आणि नवीन माणसाला वाटतं की ट्यूनिंग म्हणजे मॅप. गाडी झटका देते? मॅप बदल. धूर येतो? मॅप बदल. लॅपटॉपवर रंगीत चौकोन दिसतात, बाणाची बटणं दाबली की आकडे बदलतात... मोह होणारच!

भाच्याच्या गाडीची तक्रार अशी होती. थंड असताना ठीक. गरम झाली की आयडलिंगला रेडिएटरचा फॅन चालू होई, लगेच बंद होई, परत चालू, परत बंद. टक, टक, टक. आणि प्रत्येक टकला इंजिन गचके खाई. फॅनच्या वेळी मिश्रणात पेट्रोल जास्त होतं असं सेन्सर सांगत होता. यावर चिरंजिवांनी तोड काढली. फॅनला डॅशबोर्डवर वेगळं बटण लावलं आणि तो कायम चालू ठेवला. टकटक थांबली. मग एका ओळखीच्या गॅरेजात डायनोवर, म्हणजे रोलरवर जागच्या जागी गाडी पळवायच्या यंत्रावर, अख्खी दुपार घालवून मॅप नव्याने बसवला. जिथे जिथे पेट्रोल जास्त दिसलं तिथे तिथे कापलं. जवळजवळ सगळीकडेच आठेक टक्के. ग्राफ अगदी गुळगुळीत!

शुक्रवारी संध्याकाळी तो गाडी ट्रेलरवर चढवून माझ्याकडे आला. शनिवारी सकाळी वॉटरफर्ड हिल्सच्या ट्रॅकवर जायचं, पैसे भरलेले. "मामा, एकदा लॉग बघून घे, मग जेवू." त्याला शाबासकी हवी होती, आणि खरं तर त्याचं काम नीटनेटकंच होतं. प्रत्येक बदलाआधीची फाइल तारखेसकट जपलेली. अशी शिस्त मी ऑफिसात फार थोड्यांकडे पाहिली आहे.

लॉग म्हणजे ईसीयूने सेकंदाला दहा-पंधरा वेळा लिहून ठेवलेली डायरी. मी मॅपकडे बघितलंच नाही. जुन्या लॉगमध्ये फॅन सुरू होतो तो क्षण शोधला. बॅटरीचं व्होल्टेज १३.९ वरून १३.४ वर आलं होतं. ते येणारच, आणि व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उघडायला किंचित जास्त वेळ घेतो. पण त्याची दुरुस्ती ईसीयूत भरलेली होती. पुढची ओळ पाण्याच्या तापमानाची. फॅन सुरू, आणि ९२ अंशांचं ७५ अंश.

"हे किती वेळात झालं?" मी विचारलं.

त्याने झूम केलं. "लगेच. पुढच्याच ओळीत."

"अरे, रेडिएटर, इंजिन, होज मिळून पाच-सहा लिटर पाणी. एका क्षणात सतरा अंश थंड झालं?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "फ्रीजमध्ये पण नाही होत."

पाणी थंड झालंच नव्हतं. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा रेझिस्टर, गरम झाला की त्याचा अडथळा कमी होतो. ईसीयू त्याला पाच व्होल्टमधून एक धारा देतो आणि उरलेलं व्होल्टेज मोजतो. व्होल्टेज कमी म्हणजे गरम, जास्त म्हणजे थंड. पण व्होल्टेज हे कशाच्या तरी तुलनेतच मोजतात ना? ईसीयू स्वतःचं शून्य इंजिन ब्लॉकवर धरून बसला होता. सेन्सरची परतीची वायर खरं तर ईसीयूलाच परत यायला हवी. ती आधीच्या मालकाने कापून बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळली होती. आणि बॉडी व इंजिन यांना जोडणारी अर्थची पट्टी इकडच्या मिठाने खाल्लेली. (हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते गाड्यांची हाडं खातं.)

मल्टिमीटर घेतला, त्याची एक टोक ब्लॉकला, दुसरं बॉडीला. फॅन बंद: जवळजवळ शून्य. फॅन चालू: ०.३ व्होल्ट. हिशेब शाळेतलाच, ओहमचा नियम. पंधरा अँपिअर करंट, गंजलेल्या पट्टीचा अडथळा ०.०२ ओहम, गुणाकार ०.३. गरम सेन्सरवर एरवी अर्ध्या व्होल्टहूनही कमी असतं, त्यात हे ०.३ मिसळले की ९२चं ७५ होतं. ७५ बघून ईसीयूला वाटतं इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही, म्हणून तो थंड इंजिनाला देतात तसं जास्तीचं पेट्रोल देतो. फॅनचं टकटक करणंही यातलंच. तापमान पडलं म्हणून ईसीयूने फॅन बंद करायचा, फॅन बंद झाला की तापमान परत वर, की परत फॅन चालू.

आता खरी गोष्ट. डायनोवर फॅन सतत चालू होता. म्हणजे भाच्याने कापलेलं आठ टक्के पेट्रोल हे खोट्या ७५ अंशांवर दिलेलं जास्तीचं पेट्रोल होतं. ट्रॅकवर वाऱ्याचा झोत असतो, तिथे तो फॅन बंद करणार. तापमान लगेच खऱ्या ९२ वर जाणार, जास्तीचं पेट्रोल थांबणार, आणि कापलेला मॅप मात्र तसाच. भर टर्बोवर ११.६ च्या जागी १२.६. त्या इंजिनाला, त्या उन्हाळ्याच्या उकाड्यात, ठिणगीची वेळ आधीच पुढे ओढलेली असताना... ताई, पुढचं मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं, ते इथे सांगतो. सुट्टीतल्या इंटर्नशिपचे जवळजवळ सगळे पैसे त्या इंजिनात होते. आणि भर वळणावर इंजिन फुटून ऑइल स्वतःच्याच मागच्या चाकांखाली सांडलं, तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

"जुनी फाइल टाकून सकाळी जाऊ?" त्याने विचारलं. मी काहीच बोललो नाही. तो दहा मिनिटं अंगणात फेऱ्या मारत होता. मग आला, म्हणाला, "जुनी फाइल पण त्याच सेन्सरवर केलीय." आणि स्वतःच ट्रेलरचे पट्टे सोडायला लागला. भरलेले पैसे गेले. जेवताना फारसं कोणी बोललं नाही.

शनिवारी दिवसभर आम्ही गाडीखाली होतो. सेन्सरच्या सगळ्या परतीच्या वायरी एकत्र करून ईसीयूला नेल्या. पट्टी नवीन टाकली, पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत करून. मग वाइडबँडचा, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचाही अर्थ तपासला. तिथे डॅशबोर्डवरचा काटा एक सांगतो आणि लॅपटॉप दुसरंच, असं दिसलं तर समजावं की दोघांचं शून्य वेगळं आहे. त्यानंतर टायमिंग लाइट. ईसीयूत ठिणगीची वेळ १० अंशांवर बांधून ठेवायची आणि क्रँकच्या पुलीवर खरोखर १० दिसतात का ते डोळ्यांनी बघायचं. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे ईसीयूचं मत, पुलीवरची खूण म्हणजे वस्तुस्थिती. हे सगळं जुळल्यावर फॅन लावला. तापमान ९२, आणि ९२च. त्या वेळी भाच्याचा चेहरा बघायला हवा होता! मॅपला त्या दिवशी आम्ही हातही लावला नाही.

माझ्या अनुभवात ट्यूनिंगच्या बहुतेक तक्रारी मॅपमध्ये नसतात. अर्थ, ढिला कनेक्टर, क्रँक सेन्सरच्या वायरीत घुसलेला गोंगाट, गळका व्हॅक्यूम होज. पण मॅप बदलणं खुर्चीत बसून होतं आणि अर्थ बघायला गाडीखाली झोपावं लागतं. शिवाय मॅप बदलून तक्रार दबते, आणि दबलेली तक्रार बरी झाल्यासारखी दिसते. आकडा वाचण्याआधी तो कुठून मोजलाय हे विचारायचं, बस्स. ताई विचारते ना, गॅरेजात काय शिकतो? त्याच्या प्रोफेसरांनी हेच वर्गात शिकवलं असतं तर आपण सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

सप्टेंबरमध्ये नव्याने डायनो करून तो जिंजरमनच्या ट्रॅकवर जाऊन आला. स्पार्क प्लग काढून दाखवायला आणले, फिकट तपकिरी, जसे असावेत तसे.

सध्या थंडीत चालू करण्याचं ट्यूनिंग चाललंय. हे काम घाईचं नाहीच, कारण पूर्ण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी एकदा किल्ली फिरवायची, काय झालं ते लिहायचं, एक आकडा बदलायचा, आणि उद्याची वाट बघायची. त्याच्या वहीतली आजची नोंद: उणे ४ अंश, दोन सेकंदांत चालू, मग जरा अडखळली. उद्या सुरुवातीचं पेट्रोल थोडं वाढवणार आहे.