टाक्यांमागचे हात

२७ मे १९३३ च्या संध्याकाळी शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठी, एक जागतिक प्रदर्शन उजळायचं होतं, आणि त्याचे दिवे लावायला माणसाचा हात नको असं ठरलं होतं. दिवे लावणार होती स्वाती. वैशाख-ज्येष्ठात रात्र पडता पडता माथ्यावर येणारी, केशरी तेजाची तीच ती तारका, जिच्या पावसाच्या थेंबासाठी शिंपला उघडा राहतो असं आपल्याकडे सांगतात. दुर्बिणींनी तिचा प्रकाश धरला, तो प्रकाशविद्युत घटावर पाडला, त्यातून उठलेला कणभर प्रवाह वाढवत वाढवत तारांवरून शिकागोला नेला, आणि सरोवरकाठचा अंधार बघता बघता रंगीत झाला. स्वातीच का? तर तिचा किरण पृथ्वीवर यायला चाळीस वर्षं लागतात, असा तेव्हाचा हिशेब होता. आणि चाळीस वर्षांपूर्वी, १८९३ साली, याच शहरात आधीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ज्याच्या जोडीने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. तेव्हा निघालेला उजेड आज येऊन पोचतो आहे, अशी ती कल्पना. हिशेब तीनेक वर्षांनी चुकलेला होता.

उजेडाने मनावर घेतलं नाही.

या नव्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘प्रगतीचं शतक’. नाव झळझळीत, आणि दिवस कसे, तर दर चार कामगारांमागे एक जण बेकार, मार्च महिन्यात देशभरातल्या बँकांना सरकारी हुकमाने कुलपं, शेतमालाला भाव नाही, घरात नवं कापड नाही. महामंदीचा तो तळ होता. अशा साली, जानेवारीतच, सिअर्स रोबक या कंपनीने अमेरिकेतल्या बायकांना साद घातली होती, की क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली पांघरुणं, शिवा आणि या प्रदर्शनासाठी आमच्याकडे पाठवा. सिअर्सचा जाडजूड कॅटलॉग शेतावरच्या घराघरांत जात असे. बियाण्यापासून बुटांपर्यंत सगळं त्यातून मागवता येई. आता त्याच कंपनीने बायकांकडे काही मागितलं होतं. एकूण बक्षिसं ७,५०० डॉलरची. पहिलं बक्षीस १,००० डॉलर, आणि जिंकणाऱ्या क्विल्टवर प्रगतीच्या शतकाचं चित्र उतरलं असेल तर वर आणखी २००. शेवटची तारीख १५ मे.

एक हजार डॉलर. त्या साली एवढ्यात एखाद्या कुटुंबाचं वर्ष निघालं असतं.

२४,००० हून अधिक क्विल्ट आले. हा आकडा मी वाचते आणि आकडा उरतच नाही, त्याच्या रात्री होतात. जानेवारी ते मे, म्हणजे बर्फ साचण्यापासून ते सफरचंदाला मोहर येऊन गळेपर्यंतच्या रात्री. दिवसभराचं काम आटोपलेलं, पोरं निजलेली, नवरा उद्याच्या काळजीकडे तोंड करून पडलेला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुणीतरी सुई ओवत बसलेलं. तेव्हा शेतावरच्या दर दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. म्हणजे ज्या प्रदर्शनाचे दिवे आकाशातल्या तारकेने लावले, तिथे टांगायचं कापड रॉकेलच्या दिव्याशी डोळे ताणत शिवलं गेलं. काच काजळते, वात खाली-वर होते, सुईचं नाक हरवतं, बोट टोचतं, बोट तोंडात जातं, पुन्हा सुई हातात येते. कुणी पिठाच्या पोत्याचं कापड वापरलेलं असेल. त्यावरची गिरणीची अक्षरं साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, घासून काढलेली, तरी एखाद्या कोपऱ्यात फिकट निळं अक्षर हटून बसलेलं. कुणी वर्तमानपत्रात छापून आलेला नमुना कापून, तो पुठ्ठ्यावर चिकटवून, त्या पुठ्ठ्याने तुकडे आखलेले. गुलाबी, जांभळा, पिवळा, आणि त्या दशकाचा तो लाडका पोपटीसर हिरवा. दिवस करडे होते म्हणून की काय, रंग कोवळे होते.

वरचं तुकड्यांचं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. तिन्ही एकत्र ताणायला मोठी लाकडी चौकट लागते. लहान घरात ती छताला दोऱ्यांनी टांगत, दिवसा वर ओढून घेत, रात्री खाली सोडत. मला ते दृश्य पुन्हापुन्हा दिसतं: जेवणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर तरंगणारं, अर्धं शिवलेलं एक आकाश. खाली सूप, पाव, उधारीच्या गोष्टी. वर, कुणाचंही लक्ष नसताना, तारे.

आणि खरोखरच एक तारा जिंकला. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांनी पाठवलेला क्विल्ट, ‘स्टार ऑफ द ब्लूग्रास’. ब्लूग्रास म्हणजे त्या मुलखातलं कुरणांचं गवत, वसंतात ज्याच्या हिरव्यावर निळसर झाक येते. आठ टोकांचा तारा, कडांना करवतीच्या दातांसारखे इवलेसे त्रिकोण, सगळा हिरव्याचा खेळ. मधल्या मोकळ्या जागांत टाक्यांनी नक्षी रेखून, तिच्यात कापूस भरून, कापडाला उठाव दिलेला. विमानं, गगनचुंबी इमारती, शतकापूर्वीचा शिकागोचा किल्ला असं काय काय कापडावर उतरवून, वरच्या २०० डॉलरच्या आशेने बायकांनी पाठवलं होतं. परीक्षकांनी निवडला तो जुन्या वळणाचा तारा. प्रगतीच्या शतकाला पणजीच्या हातचं काम आवडलं. पुढे तो क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आला.

आणि मग तो हरवला. आज तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. छायाचित्र आहे, नमुना आहे, कापड नाही.

पण हरवणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. स्पर्धेचा नियम होता, की क्विल्ट स्वतःच्या हातचा हवा. केडनबाईंनी त्याला एक टाकाही घातला नव्हता. त्यांनी तो केंटकीतल्या काही बायकांकडून मजुरीवर करून घेतला होता. कुणी तुकडे जोडले, कुणी नक्षी उठवली, कुणी टाके घातले. बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही. आणि त्या बोलल्या नाहीत. मंदीत शिवणाचं काम देणारं माणूस दुखवणं परवडणारं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर एक खोटं उघडं पडलं असतं आणि एक चूल विझली असती. चूल त्यांचीच. १९९३ साली मेरीके वाल्डवोगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोघी अभ्यासकांनी या स्पर्धेवर पुस्तक लिहिलं, माणसं शोधली, घराघरांतल्या आठवणी ऐकल्या, तेव्हा कुठे ती गोष्ट सर्वांसमोर आली. साठ वर्षांनी.

मला केडनबाईंचा राग येतो, पण तो लवकर विझतो. मी अडकते ती दुसऱ्याच ठिकाणी. हे खोटं खपलं कसं?

खपलं ते कामाच्या उत्तमपणामुळे. क्विल्टच्या जगात नावाजलेला टाका म्हणजे बारीक आणि सारखा टाका. इंचाला दहा, बारा, आणि पहिला जसा तसाच शेवटचा. दोरा संपला की गाठ हलकेच ओढून आतल्या कापसात बुडवायची, वर नाही, खाली नाही, कुठेच दिसता कामा नये. चार बायका एका चौकटीभोवती बसल्या तरी चौघींचा हात एक वाटला पाहिजे. म्हणजे जी बाई जितकी निष्णात, तितकी ती आपल्या कामातून पुसली जाते. त्या बायकांनी इतकं निर्दोष शिवलं, की त्यात त्या स्वतः कुठे उरल्याच नाहीत. दुसऱ्या कुणी खाली आपलं नाव लिहायला जागा स्वच्छ करून ठेवली होती, ती त्यांच्याच सुईने.

आमच्या घरातल्या गोधड्या या कसोटीला पहिल्याच फेरीत बाद झाल्या असत्या. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घातलेला, कडेपासून आत, आत, चौकोनात चौकोन. दुपारी पडवीत दोन्ही बाजूंनी दोघी-तिघी बसायच्या आणि सगळ्यांच्या सुया मध्याकडे चालू लागायच्या. आजी त्यावरून हात फिरवत सांगायची, “हा बघ तुझ्या काकूचा दोरा, लांब टाक्यांचा. तिला सगळ्याच कामाची घाई. आणि ही वाकडी ओळ माझी, तेव्हा मोतीबिंदू पिकला होता.” मी पांघरुणात शिरून बोटाने त्या ओळी चाचपायची. एका ओळीत गप्पा रंगल्या होत्या, टाके सैल. एका ओळीत कुणीतरी मधेच उठून गेलं होतं, गाठ वरच राहिलेली. त्या गाठी पाठीला टोचायच्या. सौंदर्याच्या स्पर्धेत त्यांना कुणी उभं केलं नसतं, पण कुणाचा दोरा कुणाच्या नावावर खपवता आला नसता. घाई, मोतीबिंदू, गप्पा, सगळ्यांच्या सह्या तिथे होत्या.

म्हणून वेड्यावाकड्याची आरती ओवाळावी आणि निर्दोष कामाला नावं ठेवावीत, असा मोह होतो. पण मला तो पटत नाही. कारण मग पुन्हा त्या केंटकीच्या बायकांना मी दुसऱ्यांदा पुसते. त्यांनी काही केवळ मजुरीपुरतं शिवलं नव्हतं. मजुरीपुरतं शिवणारा हात इंचाला सहा टाक्यांवर थांबतो. बारावा टाका कुणी विकत घेऊ शकत नाही. तो हात स्वतःहून घालतो, आपलाच आब राखण्यासाठी, दिव्याची वात सरत आलेली असताना, उद्या कुणी पाहील न पाहील याची पर्वा न करता. ताऱ्याची आठ टोकं मध्यभागी एका बिंदूत अचूक भेटवणं ही फार अवघड गोष्ट आहे. केसभर चूक आठ ठिकाणी मिळून मोठी होते, मधोमध उंचवटा येतो, कापड रुसतं. ते भेटलं त्या रात्री कुणाच्या तरी तोंडून एक सुस्कारा निघाला असेल. तो सुस्कारा बक्षिसाच्या यादीत नव्हता, आणि केडनबाईंना तो स्वतःच्या नावावर करता येणारही नव्हता.

स्पर्धेत हरलेले कितीतरी क्विल्ट आज आहेत. संग्रहालयांत आहेत, पेट्यांत आहेत, नातींच्या पलंगांवर आहेत, कुठे कडा विरलेल्या, कुठे चहाचा डाग. हरले म्हणून ते घरी परतले आणि घरी परतले म्हणून टिकले. जिंकलेला तेवढा बेपत्ता. यात कुणी न्याय शोधील. मला तो तिथे सापडत नाही; उरलेल्या कापडाने न मिळालेले पैसे भरून निघत नाहीत, आणि साठ वर्षांनी उघड झालेलं सत्य त्या चुलींना पुरलं नाही.

तरीही एक गोष्ट कुणालाच नेता आली नाही. समजा, तो हिरवा तारा टांगलेला असताना त्या बायकांपैकी एखादी कशीबशी शिकागोला पोचली असती, गर्दीतून पुढे सरकली असती, खालचं नाव वाचून गप्प उभी राहिली असती. परीक्षकांना, कंपनीला, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला सगळे टाके एकसारखे दिसले. तिला दिसले नसते. उजवीकडच्या टोकाखालची तीन बोटं जागा आपली, तिच्या शेजारची दुसरीची, आणि इथे, अगदी इथे, फेब्रुवारीत दोरा बदलला होता, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. निर्दोष कामात हात पुसला जातो तो बघणाऱ्यापुरता. करणारीला आपला टाका ओळखू येतो.