फुलाची पाकळी कुठे वाहावी?

पालखीच्या वाटेवरून : अखेरचा हप्ता

आषाढ शुद्ध सप्तमी, वेळापूर

माळशिरसहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी आज वेळापुरात विसावते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे उभे असतात आणि आळंदीपासून सोबत आलेला प्रश्न पुन्हा पुढे येतो : ज्याच्या गाठीला शंभर-दोनशे रुपयेच आहेत, त्याने ते श्रद्धेने द्यायचे तर कुठे द्यावेत? ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत आपण ती रक्कम समोर दिसेल त्या पेटीत टाकतो. रक्कम लहान, म्हणून तिच्यामागचा विचारही थोडाच. मोठे दान आपली वाट आपण शोधते. हैबतबाबांनी हा सोहळा सुरू केला तेव्हा अंकलीच्या सरदार शितोळे सरकारांनी पाठबळ दिले. माउलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात. सरदाराचे देणे असे परंपरेत नावानिशी टिकले. शंभर रुपयांना नाव टिकवायचे नसते. त्यांना नेमकी जागा मिळाली म्हणजे पुरे, आणि ती शोधणे हा भक्तीचाच भाग आहे.

आषाढ शुद्ध अष्टमी, भंडीशेगाव

अशी एक जागा दिंडीतच आहे. वारकरी निघण्यापूर्वी दिंडीत भिशी भरतो. त्या पैशांतून शिधा, सरपण किंवा गॅस, सामानाच्या ट्रकचे भाडे, पाण्याचा टँकर असा सगळा खर्च भागतो. कुणी म्हणेल, हा तर जेवणाचा खर्च झाला, याला दान कसे म्हणायचे? स्वतःपुरती भरलेली भिशी दान नाही, हे मान्य. पण ज्याला ती झेपत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला किंवा एकट्या बाईला अनेक दिंड्या सोबत नेतात, आणि तो भार बाकीचे वाटून घेतात. आपले शंभर रुपये त्या भारासाठी दिले, तर घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तो पंगतीत बसतो, आणि वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते की याच्या पानाचे पैसे कुणी भरले. ‘या हाताचे त्या हाताला कळू नये’ ही शिकवण इथे रोज दोन वेळा पाळली जाते. देणाऱ्याला मात्र विचारता येते : यंदा किती जणांना असे नेले, आणि कशाला पैसे कमी पडले?

आषाढ शुद्ध नवमी, वाखरी

वाखरीत संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि एक आक्षेप उघड दिसू लागतो : अन्न तर इथे उदंड आहे, कधी वायाही जाते, मग त्यात आणखी भर कशाला? आक्षेप खरा आहे, म्हणूनच देण्याआधी उणीव पाहावी. लाडू वाटायला माणसे मिळतात. फिरत्या शौचालयांच्या सफाईला, फोड आलेल्या पायांच्या मलमपट्टीला, पावसात भिजलेल्यांच्या निवाऱ्याला तितक्या सहज मिळत नाहीत. ज्या कामाला फलक लागत नाही, तिथे लहान रक्कम सर्वांत मोलाची ठरते. दुसरा आक्षेप श्रद्धेचा : देवाला वाहिलेल्या पैशाचा हिशेब कसा मागायचा? देवाकडे मागू नये. पण पैसा माणसेच हाताळतात. पंढरपूरच्या मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले, तरी न्यायालयातला वाद २०१४ पर्यंत चालला. देवापुढचे द्रव्य कुणाचे, हा प्रश्न भाविकांच्या जगातलाच आहे. तो विचारल्याने श्रद्धा उणी होत नाही.

आषाढ शुद्ध दशमी, पंढरपूर

लहान देणे योग्य हाती गेले तर काय होते, याचा पुरावा पंढरीत दगडविटांत उभा आहे. गाडगेबाबांनी लोकांकडून मिळालेल्या पैशांतून इथे धर्मशाळा बांधल्या. ज्यांना देवळात आणि गावातही थारा नव्हता, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, आणि पुढे बाबांनी ती शिक्षणकार्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. बाबांच्या कीर्तनाला येणारी गर्दी गोरगरिबांची होती. त्यांचे थोडे थोडे देणे एका विश्वासू हातात गेले आणि त्याचे छप्पर झाले. अखेरचा आक्षेप उरतो : एवढ्याशा पैशाने दारिद्र्य हटेल का? एकदाच दिल्याने नाही. पण वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे. वर्षाच्या चोवीस एकादश्यांना वीस-वीस रुपये बाजूला काढले, तर ४८० रुपये होतात, आणि उपासाच्या दिवशी वाचलेला घास कुणाच्या तरी ताटात जातो. दिंडी, दवाखान्याजवळची धर्मशाळा, गावातले वसतिगृह यांपैकी एकच जागा निवडावी, तिची उणीव विचारावी, आणि वारी चुकवू नये तसे ते देणे चुकवू नये. नेमाने वाहिलेली पाकळी फुलाहून कमी नसते.