रिकामं पिस्तूल

फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मशीनला तुमचे मार्क कळत नाहीत." आम्ही हसलो होतो. त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला, तोही घरच्या हॉलमध्ये!

२०१८ च्या एशियाडमध्ये आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी शाळेत होतो. वेड तेव्हाच लागलं. पुढे बाबांना पटवून सेकंडहँड एअर पिस्तूल घेतलं, १० मीटरच्या स्पर्धेचं. छर्रा जेमतेम ४.५ मिलिमीटरचा. "एवढासा छर्रा काय करणार?" असं मित्र म्हणायचे. मीही म्हणायचो.

त्या दिवशी रेंजवर 'स्टॉप'ची ऑर्डर आली, तेव्हा छर्रा भरलेला होता. दुसऱ्या दिवशी सबमिशन! घाईघाईत, नळीत सेफ्टी फ्लॅग न घालताच, पिस्तूल पेटीत टाकलं. रात्री घरी ड्राय फायरिंगला उभा राहिलो, म्हणजे छर्रा आणि हवेशिवाय नुसता ट्रिगरचा सराव. ड्राय फायरचं बटण फिरवायचंही विसरलो. पिस्तूल रिकामंच आहे, याची मात्र शंभर टक्के खात्री!

फट्!

भिंतीचा पोपडा उडाला. मिनिटापूर्वी तिथेच उभी राहून धाकटी बहीण कॅलेंडरचं पान उलटत होती. तिला वाटलं, दादाने गंमत केली. ती हसली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवस नेम नाही. फक्त देखभाल."

त्या पंधरा दिवसांत मी पिस्तूल खऱ्या अर्थाने पाहिलं. नळीतून फेल्टचे बोळे घालून शिशाचा मळ काढायचा, मग हात साबणाने धुवायचे. सिलिंडरच्या जोडाची ओ-रिंग तपासायची. तिथे घरातलं कुठलंही तेल लावायचं नाही, कारण २०० बार दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं. सिलिंडरवरची तारीख वाचायची. दहा वर्षं झाली की तो बाद, मग वरून कितीही चकचकीत दिसो. फटीग आपण मटेरियल्सच्या पेपरसाठी पाठ करतो, पण धातू ते खरोखरच सोसत असतो.

उत्तम पिस्तूलही दगा देतं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनेच दोन कांस्यपदकं मिळवली.

तिच्या हातात यंत्र बिघडलं होतं. माझ्या हातातलं यंत्र ठणठणीत होतं, बिघडलो होतो मी! देखभाल आणि सुरक्षितता या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, हे मला तेव्हा पटलं. 'असेल ठीक' म्हणायचं नाही, उघडून बघायचं. म्हणून आता लिव्हर उघडतो, आत बघतो, फ्लॅग घालतो. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

मित्रांनो, भिंतीवरचा तो खड्डा मी अजून बुजवलेला नाही. पेटी उघडली की बहीण आतल्या खोलीतून ओरडते, "दादा, झेंडी लावलीस का?"

लावलेली असते. तरी पुन्हा एकदा बघतो.