अखेरचा हिशेब

वकिली करणाऱ्या माणसाला चित्रपटगृहातही साक्षीपुराव्याचा विसर पडत नाही. पडद्यावरचे पात्र बोलू लागले की, याने हे स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, हा प्रश्न मनात उभा राहतोच. २०२५ च्या मे महिन्यात प्रदर्शित झालेला ‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ हा हेरपट मी त्याच नजरेने पाहिला. १९९६ साली ब्रायन डी पामा यांच्या दिग्दर्शनाखाली सुरू झालेल्या मालिकेतला हा आठवा चित्रपट, आणि ईथन हंट या हेराच्या भूमिकेत आठही वेळा टॉम क्रूझच. नावातच अखेरच्या हिशेबाची भाषा आहे; तेव्हा तो तपासण्याचा प्रेक्षकाला अधिकार पोहोचतो.

नावेची बाजू आधी मांडतो. चित्रपट पावणेतीन तासांहून मोठा आहे आणि त्याचा पहिला तास फार जड जातो. कीर्तनात पूर्वरंग असतो तो उत्तररंगासाठी मन तयार करायला. परंतु बुवा आख्यान विसरून निरूपणातच रमले, तर सभामंडपातली जाणती मंडळीसुद्धा खांबाला टेकून डुलक्या घेऊ लागतात. येथे ‘एन्टिटी’ नावाची कृत्रिम बुद्धी खऱ्याखोट्याचा भेद पुसून एकेका राष्ट्राची अण्वस्त्रे ताब्यात घेत आहे. संकट खरोखर मोठे आहे. पण ते आपल्याला दिसण्याऐवजी सांगितले जाते. एकामागून एक पात्र गंभीर स्वरात येते आणि हंटने पूर्वी काय काय केले व जग वाचवण्यास तोच एकटा कसा पात्र आहे, हे ऐकवून जाते. अशा ऐकीव पुराव्याला न्यायालयात सहसा थारा मिळत नाही, आणि रसिकाच्या मनातही तो फारसा रुजत नाही.

दुसरा दोष मागच्या कथांना नवे अर्थ चिकटवण्याचा. २००६ च्या तिसऱ्या चित्रपटात ‘सशाचा पाय’ अशा सांकेतिक नावाची एक वस्तू होती. ती नेमकी काय, हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यातच तिची मौज होती. आता कळते की ती याच एन्टिटीचे बीज होती. हंटच्या मागावर असलेला एक अधिकारी पहिल्या चित्रपटातल्या फितुराचा मुलगा निघतो. कायद्याला पूर्वलक्षी प्रभाव देताना विधिमंडळसुद्धा दहा वेळा विचार करते. पटकथाकारांनी तो सढळ हाताने दिला आहे.

आता जमेची बाजू. बेरिंग समुद्राच्या तळाशी बुडालेल्या ‘सेवस्तोपोल’ या रशियन पाणबुडीत हंट एकटा उतरतो. या भागात संवाद जवळजवळ नाहीत. आहे ते फक्त पाणी, लोखंडाचे कण्हणे आणि उतारावरून गडगडू लागलेल्या पाणबुडीत त्याच्या अंगावर येणारे पाणतीर. शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या आकाशात दुपंखी विमानांचा पाठलाग आहे. वाऱ्याच्या माऱ्याने साठी ओलांडलेल्या नटाचा चेहरा वेडावाकडा होतो, विमानाच्या पंखाला धरून त्याचे शरीर लोंबकळते. हा प्रत्यक्ष पुरावा. येथे कोणी स्तुती करीत नाही, आणि नेमका येथेच त्या माणसावर विश्वास बसतो. खऱ्याची नक्कल करणाऱ्या यंत्राशी झुंजणारी कथा खऱ्या देहाच्या साक्षीवर उभी राहते, हे दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांचे मोठे यश मी मानतो.

तथापि माझ्या मनात घर करून राहिला तो विल्यम डनलो. १९९६ च्या चित्रपटात हा गुप्तचर खात्यातला साधा विश्लेषक होता. त्याच्या कॉफीत औषध घालून त्याला आजारी पाडले गेले, आणि तो खोलीबाहेर असताना छतातून उतरलेल्या हंटने गुप्त यादी पळवली. वरिष्ठांनी त्या बिचाऱ्याला अलास्कात धाडण्याचा हुकूम सोडला, प्रेक्षक हसले आणि कथा पुढे गेली. तोच डनलो, तोच नट रोल्फ सॅक्सन, एकोणतीस वर्षांनी एका हिमाच्छादित बेटावर पुन्हा भेटतो. पाणबुडी कोठे बुडाली, हे त्याने पाठ करून ठेवले आहे. मोठमोठ्या सत्तांना हवी असलेली साक्ष या दुर्लक्षित माणसापाशी आहे!

एका कोठारपालाचा खटला मी काही वर्षे चालवला होता. तो आजारी असताना त्याच्या ताब्यातल्या मालाची चोरी झाली आणि नोकरी त्याची गेली. निकाल त्याच्या बाजूने लागला, तेव्हा थकलेल्या पगाराची रक्कम त्याने विचारलीसुद्धा नाही. ‘साहेब, माझी चूक नव्हती असे त्यात लिहिले आहे ना?’ एवढेच त्याने विचारले. मोठ्यांच्या पराक्रमात चिरडल्या गेलेल्या लहान माणसाला बहुधा एवढेच हवे असते.

डनलोने हंटच्या साथीदाराच्या हातून त्या दिवशी खाली पडलेला सुरा जपून ठेवला आहे, आणि तो हंटला परत करतो. त्याच्या बोलण्यात कटुता नाही. त्या हद्दपारीमुळेच आपली पत्नी टपीसा आपल्याला भेटली, असे तो कृतज्ञतेने सांगतो. येथे माझ्यातला वकील किंचित अडखळतो. पीडितानेच आभार मानले की प्रतिवादी फार स्वस्तात सुटतो. सगळ्याच डनलोंना टपीसा भेटत नाही, आणि एकाचे दैव फळले म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही.

असे असले तरी या हिशेबात डनलोची नोंद झाली, हे मला मोलाचे वाटते. नायकाने किती जीव वाचवले, याची मोजदाद हेरपट नेहमीच करतात. त्याच्या पायाखाली कोण आले, हे विचारायला सहसा कोणी मागे वळत नाही. या चित्रपटाने उशिरा का होईना, त्या साक्षीदाराला नावाने पुकारले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले. पहिल्या तासाची सारी लांबण मी तेवढ्यासाठी माफ करतो.